टिल्डाचं पुढचं पान

टिल्डा या चित्रकथेचा तिसरा भाग का आला नाही, यावर जर्मनीतल्या मांगावेड्या पोरांनी इंटरनेटवर रकानेच्या रकाने भरले. कोणी म्हणे खप नव्हता. कोणी म्हणे प्रकाशक बनेल, मूळ कादंबरीची फुकट जाहिरात करून घेतली आणि चित्रकर्तीच्या हातात दिला नारळ. एका शहाण्याने तर छातीठोकपणे लिहिलं, की चित्रं काढणारी भारतीय बाई लग्न करून मायदेशी निघून गेली. अहो, लग्न होऊन तिला बारा वर्षं झाली होती आणि ती कुठेही गेली नव्हती! बॉनमध्ये, ऱ्हाईनच्या काठच्या बॉयल भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ती मुलीच्या डब्यातल्या पावाला लोणी लावत होती. खरं कारण तिने बाहेर कोणाला सांगितलं नाही आणि नवऱ्यालाही अर्धंच सांगितलं.

तिचं नाव अरुंधती आपटे. नवरा प्रताप बॉनच्या एका मोठ्या टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होता. मुलगी ईप्सिता, घरात ईपू. ईपूला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये. "ईपू, जेवायला चल" म्हटलं की आतून "ग्लाइश, मामा!" म्हणजे आलेच, इथली पोरं आईलाच मामा म्हणतात, आणि ते आलेच काही लवकर यायचं नाही. मुलगी गोड होती, पण एकदा डोक्यात काही घेतलं की घेतलं. तिला हलवणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

अरुंधती साताऱ्याची. तिची आई मनोरमाबाई बोलण्याच्या बाबतीत भलती कडक. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायचं. चेष्टेतसुद्धा कोणी वाईटसाईट बोललं की मनोरमाबाई डोळे वटारायच्या, "वास्तू तथास्तु म्हणत असते, कळतं का काही?" कॉलेजात गेल्यावर अरुंधती याला खूप हसायची. हसायची खरी, पण 'जाते' म्हणायला तिची जीभ कधी वळली नाही. इथे बेकरीतून निघतानाही ती तोंडाने 'चूस', म्हणजे जर्मन अच्छा, म्हणायची आणि मनातल्या मनात 'येते हं' जोडायची. आता बोला!

पुण्यात तिने कमर्शियल आर्ट केलं होतं. इथे आल्यावर ते ट्रंकेत गेलं. मग ईपूने लायब्ररीतून मांगा आणायला सुरुवात केली. जपानी धाटणीच्या त्या चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचायच्या. त्या दिवसांत जर्मनीत त्यांची अशी काही लाट आली होती की इथले प्रकाशक जपानी चित्रकथा छापून थांबेनात, त्यांना इथल्या माणसांनी काढलेल्याही हव्या झाल्या. अरुंधतीने पोरीला खूश करायला दोन-चार पानं काढली, प्रतापने ती गुपचूप फ्रँकफर्टच्या एका प्रकाशनाच्या स्पर्धेला पाठवली आणि तिथून फोन आला.

फोन करणारी संपादिका म्हणजे फ्राऊ केस्टर, आपल्या भाषेत केस्टरबाई. उंच, कोरडी, पण आत एक बाहेर एक नसलेली बाई. तिने अरुंधतीपुढे एक कादंबरी ठेवली. फ्राऊ रीडल नावाच्या लेखिकेची, तीन भागांतली, पोरांमध्ये तुफान चाललेली. दोन भाग आले होते, तिसरा ती लिहीत होती. नायिका टिल्डा, नावाड्याची बिनआईची पोर, जिला नदी हाका मारते. या कादंबरीचा मांगा करायचा होता, तोही तीन भागांत.

"आधीच सांगते," फ्राऊ केस्टर म्हणाली, "कादंबरीवरून काढलेला मांगा बहुतेक वेळा मध्येच बंद पडतो. कादंबरीवाल्यांना वाटतं, गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, चित्रं कशाला? मांगावाल्यांना वाटतं, हे काहीतरी शाळेतलं पुस्तक आहे. दुकानदाराला कळत नाही कोणत्या फळीवर ठेवायचं. पहिला भाग लोक कुतूहलाने घेतात. दुसऱ्याच्या वेळी म्हणतात, सगळे येऊ देत, मग एकदम घेऊ. थोडक्यात, ते थांबतात म्हणून खप होत नाही, आणि खप होत नाही म्हणून पुढचा भाग येत नाही. त्यात लेखिका हयात असेल तर ती प्रत्येक पान तपासणार. तुमच्यात दम आहे का?"

"आहे," अरुंधती म्हणाली.

तिने मनाशी गाठच मारली, काही झालं तरी तिसरा भाग करायचाच. इतकी वर्षं या देशात ती प्रतापची बायको आणि ईपूची आई होती. शाळेत, डॉक्टरकडे, मराठी मंडळाच्या गणपतीत, सगळीकडे तेच. आता पहिल्यांदा कोणीतरी तिच्या कामासाठी तिला तिच्या नावाने फोन करत होतं. त्या फोनचा तिला केवढा आनंद व्हायचा! फ्राऊ केस्टरचा नंबर दिसला की ती आधी केस नीट करायची आणि मग फोन उचलायची.

आणि इथेच तिची चूक झाली. टिल्डाचा चेहरा घाईने हवा होता, समोरून, बाजूने, हसताना, रडताना. स्वयंपाकघराच्या टेबलावर ईपू पाढ्यांशी झगडत बसली होती. अरुंधतीने तिलाच काढलं. तेच पुढे आलेले ओठ, तीच जाड वेणी, तेच कपाळावर आठी घालून बघणं. चित्र झालं आणि तिचं तिलाच वाटलं, बाई गं, पोर जशीच्या तशी उतरली की! मग ती काय करणार? साताऱ्याची बाई ती. नजर लागू नये म्हणून तिने चित्रातल्या मुलीच्या गालावर बारीकशी तीट लावली. फ्राऊ केस्टरला वाटलं तीळ आहे. "हा तीळ ग्रेट आहे," ती म्हणाली, "कुठेही टिल्डा ओळखू येईल." झालं! तीट छापून आली.

पहिला भाग फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या उन्हाळ्यात निघाला आणि बरा खपला. ईपू वर्गात मिरवून आली. "इश बिन टिल्डा," मी टिल्डा आहे, असं ती भेटेल त्याला सांगायची. लोक कौतुकाने हसायचे आणि अरुंधतीही हसायची.

त्या भागात टिल्डा आपली वेणी कापते आणि त्या वेणीने होडी बांधते. पुस्तक निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत ईपू शाळेतून आली ती वेणीशिवाय. कानापाशी वेडेवाकडे केस. "कौगुमी," ती म्हणाली, च्युइंगगम अडकलं, म्हणून मैत्रिणीने कापले. अरुंधतीने डोक्याला हात लावला, चार शब्द सुनावले आणि सलूनमध्ये नेऊन केस सारखे करून आणले. प्रतापला ती हसत म्हणाली, "बघ, टिल्डासारखंच झालं." म्हणाली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या भागात टिल्डाचा डावा तळहात कंदिलावर भाजतो. ती पानं अरुंधतीने शरदात काढली. नोव्हेंबरात शाळेची संत मार्टिनची मिरवणूक निघाली. संध्याकाळी सगळी पोरं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत हिंडतात, पुढे घोड्यावर लाल झग्यातला मार्टिन. ईपूच्या कंदिलात खरी मेणबत्ती होती. घरी आली तेव्हा तिचा डावा तळहात फोडांनी भरला होता, आणि पोरगी रडत नव्हती. डॉक्टरीणबाई मलम लावताना म्हणाली, "इतकं भाजेपर्यंत हात ठेवला कसा हिने?" अरुंधतीला ते वाक्य नीट ऐकूही आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे आपलंच पान होतं. डावा तळहात. तिनेच निवडला होता डावा. कादंबरीत नुसता हात होता.

त्या दिवसापासून पेन्सिल हातात घेतली की तिला वाटायचं आपण काहीतरी बोलतोय आणि कोणीतरी ऐकतंय. आईचं ते तथास्तु इतकी वर्षं हसण्यावारी नेलं, आणि आता भाड्याच्या घरात, जर्मन भिंतींच्या आत, ते मानेवर बसलं. प्रतापला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, काहीतरीच काय! कागदावरची पोरगी आहे ती."

"चेहरा कागदावरचा नाहीये, प्रताप."

"मग चेहरा बदल."

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

दुसरा भाग पुढच्या उन्हाळ्यात आला आणि फ्राऊ केस्टरने सांगितलं होतं तसाच निम्मा खपला. "तरीही तिसरा करू," ती म्हणाली, "फ्राऊ रीडलच्या कादंबरीबरोबरच बाजारात आणू. तेवढी एकच आशा आहे." त्यासाठी तिने अरुंधतीला फ्रँकफर्टला बोलावलं आणि अजून न छापलेल्या तिसऱ्या भागाचा गठ्ठा हातात ठेवला. येताना अरुंधतीने ऱ्हाईनच्या काठाकाठाने येणारी गाडी घेतली आणि खिडकीशी बसून वाचायला लागली. बाहेर नदी, मांडीवर नदी. बिंगन गेलं, कोब्लेन्झ गेलं, तिला पत्ता नाही. शेवटच्या प्रकरणात गावावर पूर येतो. टिल्डा घाटाच्या पायरीवर बूट काढते, जोडीने नीट ठेवते आणि पाण्यात उतरते. पूर ओसरतो. टिल्डा परत येत नाही.

अरुंधतीने ते पान पुन्हा वाचलं. मग गठ्ठा पिशवीत कोंबला आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. समोरच्या जर्मन आजोबांनी तक्रारीच्या नजरेने पाहिलं, पाहू देत. ती भयंकर घाबरली होती. आपल्या हाताने आपल्या पोरीला पाण्यात उतरवायचं? आणि तेही सावकाश, चौकटीमागून चौकट, आधी घोटे, मग गुडघे, मग केस?

तिने घरी पोचल्या पोचल्या फोन लावला. "शेवट पायरीपाशी थांबवला तर?"

"नाही," फ्राऊ केस्टर म्हणाली. "फ्राऊ रीडल प्रत्येक पान बघून सही करते. शेवट तिचा आहे. तो बदलला तर करारच संपला."

मग अरुंधतीने प्रतापचा सल्ला ऐकला. नवी टिल्डा काढली, निमुळत्या चेहऱ्याची, फिक्या डोळ्यांची, गाल स्वच्छ. लगेच फ्राऊ केस्टरचा फोन. "ही कोण आहे? आणि तीळ कुठे गेला? फ्राऊ आपटे, वाचकांचा जीव आहे त्या चेहऱ्यावर. तोच हवा."

सोडून द्यायचं होतं ना मग, असं कोणीही म्हणेल. पण नुसती भीती असती तर तिने सोडलंही असतं. हावही होती ना! ती पानं सुंदर होत होती. तिच्या हातून आजवर इतकं चांगलं काही झालं नव्हतं हे तिला कळत होतं. चढतं पाणी, बुडालेल्या कुंपणांची टोकं, ओल्या गवतातून चालणारी पोर. रोज सकाळी ती देवाला हात जोडायची, ईपूला शाळेत पोचवायची, "येते म्हण" असं तिच्याकडून दोनदा वदवून घ्यायची आणि येऊन काढायला बसायची. रात्री स्वतःची लाज वाटायची. सकाळी पुन्हा बसायची.

तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला टिल्डा बोलणं सोडते. ती पानं शाईत होऊन आठवडाही झाला नसेल, शाळेतून बाईंचा फोन आला. "घरी सगळं ठीक आहे ना? ईप्सिता वर्गात एक शब्दही बोलत नाही. आम्हाला काळजी वाटते." अरुंधतीला एकदम आठवलं. घरीही पोर हल्ली मानेनेच हो-नाही करत होती, आणि हिला वाटलं होतं पेंगते आहे. तिने ईपूला जवळ घेतलं, विचारलं, रागावली, शेवटी रडली. तेव्हा कुठे ईपू म्हणाली, "आलेस गूट, मामा." सगळं ठीक आहे. आणि त्यापुढे एक अक्षर नाही.

जानेवारी सरता सरता ऱ्हाईन चढायला लागली. दरवर्षी चढते, त्यात नवल नाही. बॉयलच्या काठावरचे बाक पाण्यात गेले, होड्यांचे तरंगते धक्के पाण्याबरोबर वर आले, पाणी मातकट आणि ओढ अशी की अख्खी झाडं वाहत जायची. काठावर फिरायला जाणाऱ्यांनी रस्ता बदलला. अरुंधती त्या दिवसांत बुटांच्या पानावर होती. पायरी, जोडीने ठेवलेले बूट, त्यांत चुरगाळून ठेवलेले मोजे, पोटरीपर्यंत पाण्यात उभी टिल्डा, पाठमोरी. ते पान तिने पूर्ण केलं. त्याच्या खाली पुढचा कोरा कागद लावला आणि हात चालेना. दिवसामागून दिवस ती त्या कोऱ्या कागदापुढे बसायची. फ्राऊ केस्टरचे फोन येत होते. "फक्त शेवटची पानं राहिलीत. एवढ्यासाठी बुडवणार आहात का सगळं?" ती आज करते, उद्या करते म्हणत राहिली.

मग तो गुरुवार आला. शाळा सुटून बराच वेळ झाला तरी ईपू घरी नाही. चौथीतली पोर, शाळा दोन गल्ल्या पलीकडे, एकटीच यायची. अरुंधती खिडकीत गेली, आली. मैत्रिणीच्या घरी फोन केला, तिथे नाही. काही सुचेना म्हणून ती पुन्हा टेबलाशी आली आणि तिची नजर बुटांच्या पानाच्या कोपऱ्यावर गेली. तिथे तपकिरी डाग होता. चॉकलेटचा. अंगठ्याचा. लहान अंगठ्याचा.

तिने सगळी पानं भराभरा उलटली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर, नीट बघितलं तर, काहीतरी होतंच. कुठे चॉकलेट, कुठे नुसता मळका ठसा. दुपारी काम करून ती जरा आडवी व्हायची, डोळा लागायचा. तेव्हा पोर इथे येत होती. रोज येत होती.

अरुंधती कोट न घालता धावली. जिन्यात चप्पल सुटली, तशीच टाकली. गल्लीच्या टोकाला काठाचा रस्ता, तिथे लाल-पांढरी फळी आडवी लावलेली, तिच्या खालून ती वाकून गेली. घाटाच्या वरच्या पायरीवर बूट होते. जोडीने, नीट, मोजे आत. आणि चार पायऱ्या खाली, पोटरीपर्यंत पाण्यात, पाठमोरी ईपू.

ओरडायचं नाही, एवढं एक तिला कळलं. दचकली तर जाईल. तिने हलकेच हाक मारली. "ईपू."

पोर वळली. हसली. ओठ निळे पडलेले, आणि गालावर आईच्या काजळपेन्सिलने काढलेला बारीक ठिपका.

"किती उशीर केलास, मामा," ती जर्मनमध्ये म्हणाली. इतक्या दिवसांनी एवढं लांब वाक्य.

"वर ये, राणी. ये बघू."

"नाइन. नाही. आता नाही येता येत." तिचे दात वाजत होते. "पुढचं पान कुठे आहे? मी रोज बघते. बूट काढते, पाण्यात उभी राहते आणि मग नुसता पांढरा कागद. आज तरी असेल म्हणून सकाळी पण बघितलं. पुढे काय करायचं ते तू काढलंच नाहीस. म्हणून मी थांबलेय."

अरुंधतीला त्या क्षणी काय झालं ते शब्दांत सांगता येणार नाही. एका पानाने, आपल्या आळसाने, आपल्या भित्रेपणाने, फ्राऊ केस्टरच्या शिव्या खात न काढलेल्या एका पानाने पोर त्या पायरीवर अडली होती, जिवंत होती. ते काढलं असतं तर?

"परत येते," ती म्हणाली. आवाज कुठून आला देव जाणे. "पुढच्या पानावर टिल्डा परत येते. वर येते, बूट घालते आणि आईचा हात धरून घरी जाते."

ईपूने कपाळाला आठी घातली. "टिल्डाला आई नाहीये."

"आता आहे. मी काढणार आहे."

ईपू विचार करत राहिली. पाणी तिच्या पोटऱ्यांना ढकलत होतं, आणि पोरगी गणित सोडवावं तशी उभी! मग म्हणाली, "गेनाऊ. बरोबर. ते चांगलंय," आणि एकेक पायरी चढून वर आली. अरुंधतीने तिला उचललं. दहा वर्षांची पोर, उचलायला जड, तरी घरापर्यंत खाली ठेवली नाही.

घरी कढत पाणी, हळदीचं दूध, दोन दुलया. मग पोरीने सगळं सांगितलं, अगदी सहज, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. च्युइंगगम खोटं होतं, वेणी तिने स्वतःच कापली. मेणबत्तीवर हात तिने स्वतः धरला, चित्रातल्याएवढा भाजेपर्यंत. बोलणंही टिल्डाने सोडलं म्हणून सोडलं. "इश बिन डॉख टिल्डा," मी टिल्डाच आहे ना, "तूच मला केलंस." अरुंधती पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. वास्तूबिस्तू काही नव्हतं. तथास्तु म्हणत होती ती तिच्या पोटची पोर होती, आणि वास्तूपेक्षा ती फार वाईट. वास्तूची निदान शांती करता येते.

दुसऱ्या दिवशी तिने ते पान काढलं. टिल्डा, तिची आई, हातात हात, घराकडे. शाईत केलं, फ्राऊ केस्टरला पाठवलं आणि सोबत लिहिलं, की हा शेवट आहे, दुसरा मी काढणार नाही, दुसऱ्या कोणाला या चेहऱ्याचा काढूही देणार नाही. फ्राऊ रीडलने अर्थातच सही केली नाही. फ्राऊ केस्टरने फोन केला.

"कारण विचारू?"

"नको."

"मग मी खप कमी होता असं जाहीर करते. ते खोटंही नाही. पण फ्राऊ आपटे, यानंतर तुम्हाला कोणी काम देणार नाही, हे तुम्हाला कळतंय ना?"

कळत होतं. फोन ठेवल्यावर अरुंधती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. वाईट वाटलंच. खोटं कशाला सांगा? पोर वाचली म्हणून हायसं वाटलं होतं आणि तरीही स्वतःच्या नावासाठी जीव तुटत होता. प्रतापला तिने पाण्याचं सांगितलं, पण आपण का थांबलो होतो आणि किती दिवस त्या पानांची हाव धरली, ते नाही सांगितलं.

ऱ्हाईन उतरली, बाक वर आले, काठावर चेस्टनटला कोंब फुटले. शरदात फ्राऊ रीडलचा तिसरा भाग दुकानाच्या काचेत लागला. ईपूने बाहेरूनच बघितला आणि नाक मुरडलं, त्यात चित्रं नाहीत म्हणाली. अरुंधतीने देवाचे आभार मानले. पण संध्याकाळी पोरीने विचारलंच. "मामा, पुढचं पान?"

घरी पोचल्यावर टिल्डा काय करते, हे तिला हवं होतं. रोज. मालिका बंद पडली ती जगासाठी. ईपूसाठी अरुंधतीला काढावंच लागलं, कारण न काढून कोरा कागद ठेवायची तिला आता छाती नव्हती. टिल्डा वरण-भात खाते. टिल्डा बुटाची नाडी बांधते. टिल्डा रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघते. आणि ईपू तसंच करायची, अगदी तसंच, नाडीची गाठसुद्धा चित्रातल्यासारखी. अरुंधती एकेका रेघेला घाबरून काढायची. चाकू नाही, खिडकी नाही, पाणी तर नाहीच. नुसती घरं, पलंग, ताटं. आयुष्यात इतकं भिकार काम तिने केलं नव्हतं.

एका दुपारी ईपू पान बघून म्हणाली, "लांगवाइलिश." कंटाळवाणं. अरुंधतीने काही उत्तर द्यायच्या आत तिने आईच्या हातातून पेन्सिल काढून घेतली, कोरा कागद ओढला आणि टेबलावर ओणवी झाली. मांगा उजवीकडून सुरू होतो, तिने उजवीकडूनच सुरू केलं. एक लांब, हलती रेघ. तिच्या खाली दुसरी. मग तिसरी.

नदी होती ती. अरुंधतीने वाकून विचारलं, "आणि टिल्डा कुठे आहे, ईपू?"

ईपूने वर बघितलं नाही. जिभेचं टोक ओठांत धरून ती रेघा ओढत होती.

"वार्टे माल, मामा," ती म्हणाली. थांब जरा. "अजून काढली नाहीये."

अरुंधती खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली आणि थांबली.